रोजचं दिसेनासं का होतं?

गोरेगावला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर एक पर्जन्यवृक्ष आहे. या घरात येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. तेवढी वर्षं मी त्या खिडकीत उभी राहून कुकरच्या शिट्ट्या मोजल्या, भाजी निवडली, फोनवर भांडले. मागच्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी वीज गेली. मिक्सर बंद, फोनची बॅटरी संपलेली, करायला काही नाही म्हणून बाहेर बघत बसले, तर झाड विरळ झालेलं. दुपारी त्याच्या पलीकडची इमारत दिसत नाही. आता तिच्या गच्चीवरच्या टाक्यासुद्धा दिसत होत्या. पोटात धस्स झालं. काही वर्षांपूर्वी पिठ्या ढेकणाच्या किडीनं मुंबईतले कितीतरी पर्जन्यवृक्ष वाळून गेले होते, तेच आठवलं. सकाळी उठून पाहिलं तर झाड पुन्हा गच्च.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम स्टूल घेऊन बसले. साडेसहाच्या सुमाराला पानं मिटायला लागली. एकेका देठावर समोरासमोर लागलेल्या पर्णिका खाली झुकत, वहीची पानं मिटावीत तशा एकमेकींना चिकटत होत्या. हालचाल म्हणून काही दिसत नाही. डाळीला फोडणी देऊन परत आले तेव्हा मघाशी आडवी असलेली पर्णिका तिरकी झालेली होती, एवढंच.

यात जादू काही नाही. पानाच्या आणि पर्णिकेच्या बुडाशी एक छोटीशी फुगीर गाठ असते. तिच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियमचे कण बाहेर पडतात, त्यांच्यामागून पाणी जातं, ती बाजू सैल पडते आणि पर्णिका झुकते. पहाटे उलटा प्रकार. आभाळ भरून आलं तरी हे झाड पानं मिटून घेतं. पण सगळा कारभार उजेडावर चालतो असंही नाही. 1729 साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं लाजाळूच्या जातीचं रोप अंधारात ठेवून पाहिलं, तर ते अंधारातही आपल्या वेळेवर पानं उघडत-मिटत राहिलं. झाडाच्या आत घड्याळ असतं. तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावू नये, झाडं झोपतात, असं माझी आजी म्हणायची. मी ते संस्काराच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते.

झाडाचं कोडं सुटलं, पण दुसरं उरलं. अकरा वर्षं म्हणजे चार हजार संध्याकाळी. त्यातल्या निम्म्या तरी मी त्या खिडकीत होते. डोळे उघडे होते, समोर झाड होतं, तरी दिसलं कसं नाही?

याचं उत्तर डोळ्यांपासूनच सुरू होतं. समोरच्या भिंतीवर पेन्सिलीचा एक ठिपका काढा आणि अर्धा मिनिट नजर अजिबात न हलवता त्याच्याकडे बघा. कडेच्या वस्तू, कॅलेंडरचा कोपरा, खुंटीवरची पिशवी, हळूहळू फिकट होऊन गायब होतात. इग्नाझ ट्रॉक्सलर या स्विस वैद्यानं 1804 साली हे नोंदवून ठेवलंय. जे बदलत नाही त्याची खबर मेंदूला देत राहणं ही आपल्या मज्जासंस्थेच्या दृष्टीनं उधळपट्टी आहे. एरवी डोळे सतत बारीक-बारीक थरथरत असतात, म्हणून समोरचं चित्र टिकून राहतं. तुमचं स्वतःचं नाक दिवसभर तुमच्या नजरेच्या टप्प्यात असतं. आत्ता हे वाचलंत म्हणून दिसलं.

ही काटकसर फार जुनी आहे. समुद्रात कवच बाहेरून न दिसणारी एक मऊ गोगलगाय असते, तिला समुद्री ससा म्हणतात. एरिक कँडल यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं तिच्यावर घालवली आणि 2000 सालचं नोबेल मिळवलं. तिला हलकासा स्पर्श केला की ती आपले कल्ले आत ओढून घेते. पुन्हा केला, पुन्हा ओढते. दहा-बारा वेळा केला की मात्र तिला कळतं, यात काही दम नाही, आणि ती कल्ले ओढायचं जवळजवळ सोडून देते. याला शास्त्रात सरावणं म्हणतात, आपणही तेच म्हणतो. आपल्या मेंदूत 8,600 कोटी चेतापेशी, तिच्याकडे जेमतेम वीस हजार. तरी या बाबतीत ती आणि मी सारख्याच.

माणसाचा मेंदू सरावून थांबत नाही, तो पुढचं गृहीत धरून चालतो. रेल्वे स्टेशनवरचा बंद पडलेला सरकता जिना आठवा. बंद आहे हे आपल्याला दिसत असतं, माहीत असतं, तरी पहिल्या पायरीवर तोल जातो, कारण जिना सरकेल या हिशेबानं अंग आधीच पुढे झुकलेलं असतं. मेंदूनं जगाचा एक नकाशा करून ठेवलाय. त्या नकाशाप्रमाणे सगळं असेल तर तो बाहेर फारसं बघतच नाही, नकाशाच वापरतो. माझ्या नकाशात ‘खिडकी, झाड, हिरवं’ अशी नोंद होती, ती सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला एकच. हा दोष नव्हे, हे नीट समजून घ्यायला हवं. रोज दादरचा पूल चढताना प्रत्येक चेहरा, प्रत्येक पाटी नव्यानं दिसायला लागली तर चर्चगेटला पोहोचेपर्यंत वेड लागेल.

घाईत हा नकाशा आणखी आकसतो. 1973 साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मशास्त्र शिकणाऱ्या 40 विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण करायचं होतं. त्यातल्या निम्म्यांचा विषय बायबलातली एक गोष्ट: वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणारा परका माणूस. वाटेत दारापाशी खरोखरच एक माणूस कण्हत बसवलेला होता. वेळ आहे असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांतले 63 टक्के थांबले. ‘उशीर झालाय, पळा’ असं ज्यांना सांगितलं, त्यांतले फक्त 10 टक्के. भाषणाचा विषय कोणता होता, यानं म्हणण्यासारखा फरक पडला नाही. काही जण तर त्या माणसाला ओलांडून गेले, त्याच्याचबद्दल बोलायला. आमच्या फलाटावर हा प्रयोग रोज होतो, फक्त कोणी टक्केवारी काढत नाही.

‘मग हळू व्हा’ हा सल्ला इथे येतो आणि मला त्याचा राग येतो. विरारहून जिला 7:40 ची गाडी गाठायची आहे तिला हळू हो म्हणणं हा चावटपणा आहे. मुंबईत निवांतपणा चौरस फुटावर विकला जातो. पण सरावलेला मेंदू जागा व्हायला वेळ फार लागत नाही, त्याचा अंदाज चुकावा लागतो. त्या समुद्री सशाच्या शेपटीला एक जोराचा झटका दिला की मगाचा दुर्लक्षलेला हलका स्पर्शही तिला पुन्हा जाणवायला लागतो. माझ्या बाबतीत तो झटका म्हणजे गेलेली वीज.

मराठीत ‘अप्रूप’ हा फार चांगला शब्द आहे. मूळ संस्कृत ‘अपूर्व’, म्हणजे याआधी न घडलेलं. रोजच्या गोष्टीचं अप्रूप वाटणं म्हणूनच अवघड, ती अपूर्व नसतेच. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अद्भुत रसाच्या मुळाशी विस्मय हा भाव सांगितला आहे. अलीकडे डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली त्याची दोन अंगं मांडली. एक, समोरचं काहीतरी आपल्यापेक्षा अफाट मोठं असणं. दुसरं, ते आपल्या डोक्यातल्या नकाशात न मावणं, त्यामुळे नकाशाच नव्यानं काढावा लागणं. मला दुसरं अंग जास्त कामाचं वाटतं. अफाट मोठं बघायला हिमालयात जायचे पैसे लागतात; नकाशा चुकायला शिवडी पुरते.

शिवडीला मी एका मार्चमध्ये रोहित पक्षी बघायला गेले होते. हिवाळ्याच्या सुरुवातीपासून मेपर्यंत ते ठाण्याच्या खाडीत हजारोंनी असतात. भाचीला घेऊन, दुर्बीण मागून आणून, रविवारी बाराला जेट्टीवर पोहोचलो. समोर नुसतं पाणी. एक गुलाबी पीस नाही. भाची माझ्याकडे बघते, मी पाण्याकडे. तिथे टोपली घेऊन बसलेल्या एका कोळीणबाई हसल्या.

‘कालच पुनव झाली ना बाय? आता पाऊणला पूर्ण भरती. पक्षी चिखलात खातात, पाण्यात काय खातील? चार-साडेचारनंतर ये.’

मी विचारलं, तुम्हाला वेळ कशी कळली? त्यांनी सांगितलेला हिशेब किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, आणि मी मुंबईत जन्मून मला तो माहीत नव्हता. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. प्रतिपदेला पाऊण. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनला. अष्टमीला सहाला. पंधरवडा शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. आणि दिवसातून दोन भरत्या, तेव्हा दुपारी तीन तशीच पहाटेही तीनच्या आसपास. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी. घड्याळाच्या काट्यावर नाही बसत, अर्धा-पाऊण तास, कधी तासभरही इकडे-तिकडे होतं. पण चिखल दिसेल की पाणी, एवढं सांगायला भिंतीवरचं कालनिर्णय आणि पावकी-पाउणकी पुरे.

हे जमतं कसं? भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीनं येते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्रही आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याला पुन्हा डोक्यावर यायला चोवीस तासांच्या वर साधारण पन्नास मिनिटं लागतात. भरतीही रोज तितकीच उशिरा येते. तिथीही चंद्रावरूनच मोजतात. पन्नास मिनिटं म्हणजे जवळजवळ पाऊण तास, तेव्हा तिथीमागे पाऊण. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीला जोड देते, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात ओढतात, पाणी बेताचं हलतं, त्याला कोळी लोक भांग म्हणतात. (पावसाळ्यात वाहिन्यांवर ‘आज साडेचार मीटरच्या लाटा उसळणार’ म्हणून जे ओरडतात, ती लाटांची उंची नसते, ठरलेल्या खालच्या पातळीपासून भरतीचं पाणी किती चढणार याचा तो आकडा असतो. दर वर्षी चुकतात, दर वर्षी मी टीव्हीवर ओरडते.)

आम्ही साडेचारपर्यंत थांबलो. पाणी मागे सरकत गेलं आणि त्याच्या काठाकाठानं, जणू चादर ओढावी तसे, पक्षी आत येत गेले. रोहित पक्षी मान खाली घालून, चोच उलटी करून चिखलपाणी गाळतात. त्यातल्या शेवाळातल्या रंगद्रव्यानं त्यांची पिसं गुलाबी होतात. पिल्लं राखाडीच असतात. भाचीनं विचारलं, ‘मग यांनी शेवाळ खाल्लं नाही तर?’ रंग उतरतो. प्राणिसंग्रहालयात त्यांना म्हणूनच तसं खाणं द्यावं लागतं.

त्या दिवसानंतर समुद्राचा माझ्या डोक्यातला नकाशा मोडला तो मोडलाच. पूर्वी समुद्र म्हणजे ‘मरीन ड्राइव्हला असतो तो’. आता तो येणारा-जाणारा झाला, वेळापत्रक असलेला. मला वाटतं ‘हळू होणं’ म्हणतात ते एवढंच असावं: एखाद्या गोष्टीला तिचं स्वतःचं घड्याळ आहे हे कळणं, आणि एकदा का होईना तिच्या घड्याळानं वागणं. शिवडीच्या जेट्टीवर साडेचार तास आम्ही काही केलं नाही. दोन वेळा चहा प्यायलो.

असं दुसरं घड्याळ अंधेरी पश्चिमेला उभं आहे. गिल्बर्ट हिल, सुमारे 200 फुटांचा काळा सुळका, चहूकडून इमारती आणि झोपड्यांनी वेढलेला, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. जवळून पाहिलं तर तो उभ्या खांबांची मोळी बांधल्यासारखा दिसतो. हे कोणी कोरलेलं नाही. तापलेला लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात, आणि वाळत्या तळ्यातल्या चिखलाला पडाव्यात तशा त्या बहुकोनी पडत जातात. वरून आत उतरत गेल्या की खांब तयार. हे झालं साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्या सुमाराला. हा आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून मी तो एका वर्षात बसवून पाहिला. टेकडी 1 जानेवारीला तयार झाली असं धरलं, तर आपली मनुष्यजात 30 डिसेंबरला सकाळी उगवते. आणि मुंबईच्या बेटांमध्ये भर घालून ती जोडायला सुरुवात होते 31 डिसेंबरच्या रात्री, बाराला दोन मिनिटं असताना. त्या दोन मिनिटांत आपण एवढी गर्दी केली.

स्वतःचं असं लहान होणं कमीपणाचं वाटेल अशी भीती असते, पण अनुभव उलटा येतो. 2020 साली व्हर्जिनिया स्टर्म आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या लोकांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं चालायला सांगितलं. अर्ध्या लोकांना सांगितलं, नवल वाटेल असं काहीतरी बघत चाला. बाकीचे नुसते चालले. सगळ्यांना चालताना सेल्फी काढायचे होते. नवल शोधणाऱ्यांच्या सेल्फीत आठवड्यागणिक त्यांचा चेहरा लहान होत गेला, मागचं दृश्य वाढत गेलं आणि हसू मोठं झालं. त्यांचा रोजचा मनस्तापही नुसत्या चालणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाल्याचं दिसलं. माणसं मोजकीच होती, त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत, पण सेल्फीत चेहरा लहान होणं ही कल्पनाच मला आवडते.

वेळेचंही तसंच. 2012 मध्ये मेलनी रड, कॅथलीन वोज आणि जेनिफर आकर यांनी दाखवलं की विस्मय वाटलेल्या माणसांना आपल्याकडे जास्त वेळ आहे असं वाटतं. वेळ तेवढाच असतो. पण नकाशा वापरून काढलेल्या दिवसाची आठवणीत नोंदच होत नाही, सगळे मंगळवार एकात एक मिसळून जातात. लहानपणी मे महिना संपता संपत नसे, कारण त्यात रोज काहीतरी पहिल्यांदा घडत होतं.

ज्यांना शिवडीला जायला जमत नाही त्यांच्यासाठी गच्ची आहे. मुंबईत मेच्या मध्याला, 15 तारखेच्या आगेमागे, सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. 12:35 ला उभी ठेवलेली बाटली बघा, सावली तिच्या बुडाखाली नाहीशी होते. जुलैच्या 27-28 तारखेला पुन्हा, पण तेव्हा सूर्य दिसला तर तेच नवल. आणि बाराला का नाही? आपली घड्याळं चालतात 82.5 रेखांशावर, जे प्रयागराजजवळून (पूर्वीच्या अलाहाबादजवळून) जातं. मुंबई त्याच्या पश्चिमेला. सूर्याला तिथून इथवर यायला जवळपास 39 मिनिटं लागतात. पूर्वी ‘बॉम्बे टाइम’ खरोखरच तेवढं मागे होतं, आणि देशभर एकच वेळ ठरल्यावरही मुंबई कितीतरी वर्षं हट्टानं आपलं घड्याळ मागेच ठेवून होती. घाईचं म्हणून नाव घेतात त्या शहराचा हा इतिहास.

आणि ज्याला अजिबात घाई नाही त्याच्यासाठी बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली कारवी. आठ वर्षं नुसती हिरवी झुडपं, मग एका पावसाळ्याच्या शेवटी अख्खा उतार जांभळा, आणि बी टाकून ती झुडपं मरतात. 2008, 2016, 2024. पुढची कधी ते तुम्हीच मोजा.

परवा सकाळी गाडीत खिडकी मिळाली. वांद्रे सोडून माहीमकडे येताना गाडी मिठी नदीवरून जाते, तिथे काठाला तिवरं आहेत. मी उठून दारापाशी गेले. आमच्या ग्रुपमधल्या शिंदेबाईंनी विचारलं, ‘अगं, माहीम यायचंय अजून. काय बघतेस?’

‘पाणी. आज द्वादशी. नऊला भरती.’

घड्याळात नऊ वाजून सात मिनिटं. तिवरं गळ्यापर्यंत बुडालेली, त्यांची चिखलातून वर आलेली श्वासमुळं दिसत नव्हती, आणि एक वंचक बगळा सगळ्यात वरच्या फांदीवर अंग चोरून बसलेला. पूल संपला. शिंदेबाई जागेवरून उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांना काही दिसलं नाही.

‘बारा पाऊण नऊ,’ त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. ‘म्हणजे उद्या?’

‘पावणेदहा.’

‘अर्र. आपली गाडी गेलेली असेल.’